सरकती रेषा

तिरवडे खाडीच्या मुखाशी असलेल्या किनारा-प्रयोगशाळेत त्या सकाळी एकच पाहुणे होते. अर्थसचिव निशिकांत प्रभुतेंडोलकर. राज्याचा ‘किनारा निधी’ यंदा बंद करावा, अशी शिफारस त्यांच्या बॅगेत तयार होती.

“डॉक्टर, मी झाडांचा वैरी नाही,” ते प्रमुख शास्त्रज्ञ इरावती खवणेकरांना म्हणाले. “पण ज्या कांदळवनासाठी हा निधी कायद्याने राखून ठेवलाय, त्यातलं एक तृतीयांश आज पाण्याखाली आहे. नसलेल्या जमिनीची देखभाल कशी करायची? त्यापेक्षा त्या पैशांत दगडी बंधारा होईल.”

इरावतीने भिंतीवरचा पडदा उजळला. त्यावर खाडीची हुबेहूब गणिती प्रतिकृती हलत होती. तिच्या गटाने घडवलेला हा ‘प्रतिसागर’ लाटा, गाळ आणि मुळांची वाढ यांवरून उद्याचा किनारा काढून दाखवत असे.

“वन मेलेलं नाही, ते सरकतंय,” ती म्हणाली. “समुद्र चढला की पुढची झाडं बुडतात आणि मागे, जमिनीच्या बाजूला, नवी रुजतात. शेकडो वर्षं किनारा असाच टिकलाय. आपण मात्र नकाशावर एक रेष मारली आणि निधी तिच्याशी बांधून टाकला. मागे बंधारा घातलात तर वनाला सरकायला जागाच उरणार नाही. मग वादळात लाटेचा जोर थेट बंधाऱ्यावर येईल.”

तिने प्रतिसागराला पन्नास वर्षं पुढे नेलं. बंधारा घातलेल्या चित्रात गावाची बाजारपेठ पाण्यात गेली. मोकळी जागा सोडलेल्या चित्रात ती कोरडी राहिली.

सचिवांनी दोन्ही चित्रं पुन्हा एकदा पाहिली. “म्हणजे निधीही वनाबरोबर सरकायला हवा. पण दरवर्षी रेषा ठरवणार कोण? मंत्री? मी? तुम्ही?”

“कोणीच नाही. प्रतिसागर मोजेल आणि ती रेषा कायदा ठरेल. रेषेच्या आत येणारी जमीन निधीतून योग्य मोबदला देऊन घ्यायची आणि तिच्यावरची घरं हटवून ती नैसर्गिक ठेवायची. रेषा आखण्यात माणसाचा हात नको. नाहीतर प्रत्येक जण आपला तुकडा वाचवायला येईल.”

“आणि रेषेची बातमी आधीच फुटली, तर दलाल जमिनी घेऊन बसतील.”

“म्हणून कायदा होईपर्यंत कुठल्या खाजगी जमिनी रेषेत येतील, हे गणित प्रतिसागराकडून करूनच घ्यायचं नाही. मीसुद्धा घेणार नाही.”

शिफारस बॅगेतच राहिली. पुढच्या अधिवेशनात ‘चलरेषा कायदा’ संमत झाला. तो मांडतानाचं मंत्र्यांचं भाषण स्वतः प्रभुतेंडोलकरांनी लिहिलं होतं.

हिवाळ्यातल्या एका स्वच्छ दुपारी पहिली चलरेषा जाहीर झाली. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. इरावतीही हसत पडद्याजवळ गेली आणि तिथेच थांबली. रेषा कांदळवनाच्या मागून निघून, भरतीचं पाणी शिरणारं खाजण ओलांडून, एका माड-सुपारीच्या वाडीला आत घेऊन वळली होती. वाडीत चिऱ्यांचं कौलारू घर होतं. तिच्या वडिलांचं. ती त्याच घरात जन्मली होती.

संध्याकाळी सचिवांचा फोन आला. आवाज हळू होता. “मी नकाशा पाहिला. नियम अजून छापून यायचेत. एका घरापुरता अपवाद घालता येईल. कुणी विचारणार नाही.”

इरावतीच्या आईने त्याच घरात शेवटचा श्वास घेतला होता.

“पुढच्या आठवड्यात दुसरा घरमालक विचारेल, साहेब,” इरावती म्हणाली. “त्याला तुम्ही काय सांगाल? दहा अपवाद झाले की रेषा उरणार नाही, आणि रेषा नाही तर निधी कशाला, असं तुमच्याच खात्यातलं कोणीतरी लिहील.”

“मीच लिहीन,” प्रभुतेंडोलकर म्हणाले. “विचारायलाच नको होतं. क्षमा करा.”

ती दुसऱ्या दिवशी वाडीत गेली. तिचे वडील, सोनू खवणेकर, खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होते. तिने पायरीवर बसून सगळं सांगितलं. अपवाद मिळत होता आणि तो आपण नाकारला, हेही लपवलं नाही.

म्हाताऱ्याने घराकडे पाहिलं. मग समुद्राकडे.

“ही रेषा तू मारलंस?”

“नाही, बाबा. दर्याने.”

“मगे तुझ्यावर रागावान काय करू?”

ते उठले. शिडी ओढून त्यांनी पडवीला लावली आणि एक पाय पायरीवर ठेवून मागे वळले.

“ये गो, शिडी धर. कौलां आताच उतरूया. सुकी आसत, हलकी लागतली.”