चंद्राला दिलेले अडीच सेकंद

एकोणतीसचा पाढा मी घडाघडा म्हणते. सगळा वर्ग एका सुरात म्हणत असतो तेव्हा माझा आवाज सगळ्यांच्या वर असतो. पण तोच पाढा एकटीने म्हण म्हटलं, की पहिला शब्दसुद्धा बाहेर पडत नाही. आणि स्वतःचं नाव? ते तर सगळ्यात अवघड. बकुळ शेवाळे. 'ब'पाशी ओठ मिटतात ते मिटतातच.

असं का होतं? आमच्या फलटणमध्ये या कोड्याचं उत्तर ज्याच्या त्याच्याकडे तयार होतं. "नाटकं!" धायगुडे सर म्हणायचे. "सगळ्यांबरोबर येतं आणि एकटीला येत नाही, असं कधी असतंय होय?" शेजारच्या काकूंनी मला पोपटाने उष्टावलेला पेरू खायला घातला. कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं. एक पाहुणे तर म्हणाले, तोंडात गोटी ठेवून बोलत जा. गोटी गिळली असती म्हणजे? पण त्यांचं काय जातंय सांगायला!

लिहिताना मी अडखळत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे. मला राग आलेला आहे, हे आधीच सांगते.

२०६१ साली आमच्या शाळेला चांद्रतळाशी (चंद्रावर शास्त्रज्ञ राहतात त्या केंद्राशी) बोलायला दहा मिनिटं मिळाली. मुलांनी प्रश्न लिहून द्यायचे होते. दोनशे चौदा प्रश्नांतून पाच निवडले, त्यात माझा होता: 'अवकाशपोशाख घातलेला असताना शिंक आली तर तुम्ही काय करता?' त्या दिवशी मी घरी पळतच गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी माझा कागद वर्गातल्या समिधा जगदाळेच्या हातात दिला.

"प्रश्न तुझाच आहे गं," ते मला म्हणाले. "नावही तुझंच घेऊ. वाचेल फक्त समिधा. अगं, चंद्र आहे तो! तुझ्यासाठी तिथं कोण थांबणार?"

मला म्हणायचं होतं, 'माझा प्रश्न मीच विचारणार.' मी 'म'वर अडकले. सर क्षणभर थांबले आणि "म्हणजे चालेल ना तुला? शाब्बास," असं म्हणून माझं वाक्य त्यांनीच पुरं करून टाकलं. वाक्य माझं, आणि त्यात शब्द सरांचे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दर बुधवारी सरकारी दवाखान्यात तांबोळी मॅडम येतात. त्या वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत (बोलण्यात अडचण असलेल्यांवर उपचार करणाऱ्या). त्या बुधवारी मी त्यांच्यासमोर जाऊन नुसती रडले. त्यांनी रडू दिलं. मग त्यांनी माझ्या गळ्याभोवती एक मऊ पट्टा बांधला, डोक्यावर जाळीची टोपी चढवली आणि नवं यंत्र सुरू केलं. ध्वनिदर्पण त्याचं नाव. टेबलाच्या वर हवेत माझंच डोकं आणि माझाच घसा प्रकाशाने काढल्यासारखा दिसू लागला.

"आता माझ्याबरोबर पाढा म्हण," मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोघींनी म्हटला. मेंदूतून निघालेले निळे ठिपके रांगेने घशाकडे, जिभेकडे, ओठांकडे धावले.

"आता एकटीने तुझं नाव सांग."

निळे ठिपके निघाले आणि मध्येच घोटाळले. घशातले स्वरतंतू (ज्यांच्या थरथरण्याने आवाज होतो त्या दोन नाजूक घड्या) घट्ट मिटून बसले. मी जोर लावला तसे ते आणखीच घट्ट झाले.

"पाहिलंस? एक शब्द बोलायला छाती, घसा, जीभ, ओठ, सगळीकडचे मिळून शंभरेक स्नायू हलवावे लागतात," मॅडमनी सांगितलं. "कुणी कधी हलायचं, याचा इशारा मेंदू देतो. तुझ्या मेंदूत शब्द तयार असतो. जीभही चांगली आहे. फक्त 'आता सुरू!' हा इशारा कधी कधी वेळेवर पोचत नाही. याला तोतरेपणा म्हणतात. तो भित्रेपणाने येत नाही, नाटकाने तर नाहीच नाही. मात्र समोरच्याने घाई केली की तो वाढतो."

"म-मग पाढा?"

"लेझीम खेळतेस ना? हलगी वाजत असली की पाय आपोआप पडतात. सगळे एकत्र बोलतात तेव्हा तुझ्या मेंदूला बाहेरून ताल मिळतो, सुरुवातीचा इशारा त्याला स्वतः द्यावा लागत नाही. म्हणून त्या वेळी अडत नाही."

इतकी सोपी गोष्ट! आणि मी चार वर्षं नाटकी ठरले होते.

मग मॅडमनी सराव घेतला. अडलं तर जोर लावायचा नाही. थांबायचं, श्वास सोडायचा, ओठ अलगद टेकवून पुन्हा सुरू करायचं. "हा झाला तुझा अर्धा उपचार," त्या म्हणाल्या. "उरलेला अर्धा ऐकणाऱ्याचा. त्याने थांबायचं, शब्द पुरवायचे नाहीत."

मी भडकलेच. "म-मग दर बुधवारी मीच का येते? स-सरांना का नाही बोलवत?"

मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "हे मी आधीच करायला हवं होतं. बोलते मी त्यांच्याशी."

पण मॅडम पुन्हा येणार पुढच्या बुधवारी, आणि चंद्राशी बोलायचं होतं सोमवारीच.

सोमवारी सभागृहात शाळा गच्च बसली. सर ध्वनिक्षेपकापाशी उभे राहिले. "नीट ऐका," ते म्हणाले. "आपला आवाज रेडिओलहरींवरून जातो. चंद्रापर्यंत पोचायला सव्वा सेकंद, उत्तर यायला सव्वा सेकंद. एकूण अडीच. प्रश्न विचारला की गप्प थांबायचं. मध्येच कुणी बोललं तर बघा!"

पडद्यावर चांद्रतळावरच्या डॉ. लीना खरात दिसू लागल्या. पहिला प्रश्न झाला आणि शाळा थांबली. दुसरा झाला, पुन्हा थांबली. सर स्वतः ओठांवर बोट ठेवून उभे. हसणं नाही, घड्याळाकडे बघणं नाही, चंद्राचं वाक्य पुरं करणं तर नाहीच. अख्ख्या शाळेला थांबता येत होतं!

चौथा प्रश्न माझा. समिधा उठली, तशी मीही उठले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कागद माझ्या हातात देऊन खाली बसली. शहाणी पोरगी.

"बकुळ, अगं, काय हे..." सर पुढे आले.

"च-च-चंद्राला अडीच सेकंद देता," मी म्हणाले. "म... मलाही द्या."

सरांचा चेहरा उतरला. ते बाजूला झाले.

"मी ब..." ओठ मिटले. मी श्वास सोडला, ओठ अलगद टेकवले. तरी अडलंच. उपचार म्हणजे काही जादू नव्हे. पुन्हा सुरुवात केली. पडद्यावर डॉ. खरात शांत बसून होत्या, त्यांना थांबायची रोजची सवय. "बकुळ शेवाळे," मी म्हणाले आणि तीनदा अडखळत माझा प्रश्न मी विचारला.

सव्वा सेकंद. सव्वा सेकंद.

"शिंक येते की, बकुळ!" डॉ. खरात म्हणाल्या. "आणि नाक पुसता येत नाही. म्हणून हनुवटी छातीकडे नेऊन खाली शिंकायचं, म्हणजे समोरची काच स्वच्छ राहते. पहिल्या वेळी मी सरळ शिंकले आणि चार तास थेंबांमधून चंद्र पाहिला."

सभागृह हसलं. मग सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि मला पुन्हा राग आला. आधीच्या तिघांसाठी कुणी वाजवल्या होत्या? डॉ. खरातांनी मात्र 'धीट आहेस हो' वगैरे काही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "यावरून आणखी काही विचारायचंय, बकुळ?"

पाचवा प्रश्न अजून व्हायचा होता. सरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ते पहिल्या रांगेत मुलांमध्ये खाली बसले.

"विचार," ते म्हणाले. "थांबतो आम्ही."

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा बराच लांब होता. मी तो सगळाच्या सगळा विचारला.