शाळेच्या हौदातलं पाणी

“रोपं वाळली ती अंबूमुळंच! ती पाणी घालतच न्हाई!” नानासोनं ठासून सांगितलं. तेही कुठं? भर पाणवठ्यावर, अंबूच्या आईसमोर!

“मग साळा बंद. उद्यापासनं चल माझ्यासंगं बागंत कामाला,” आई अंबूला म्हणाली.

चौऱ्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी. तासगावजवळच्या त्या शाळेत सातवीची मुलं वांग्याची रोपं पाळीपाळीनं जगवत होती. नानासो वर्गाचा मॉनिटर. वर्गातसुद्धा गडी हात आधी वर करायचा, विचार मागनं!

अंबू कामाला गेली, दुसऱ्यांनी पाणी घातलं, तरी रोपं वाळतच राहिली. आता मात्र नानासोनं पोरांना गोळा केलं.

“कदमबाई वर्गात करतात तसं करूया,” कोंडीबा म्हणाला. “परत्येकानं आपुन काय बघितलं तेवढंच सांगायचं. सगळ्यांचं झाल्याबिगर उत्तर न्हाई! आन् नानासो, तू शेवटी!”

“अंबूलाबी बोलवा रं,” गुंडा म्हणाला.

संध्याकाळी अंबू कामावरून परस्पर आली. नानासोकडं तिनं पाहिलंही नाही.

“पाण्याचा लोखंडी डबा आतनं तांबं चढल्यागत तांबूस झालाय,” गुंडा म्हणाला.

“हौदाच्या कडंला मला निळं डाग दिसलं हुतं,” अंबू म्हणाली.

“आन् बैलगाडीची चाकोरी पार हौदापातूर आलीया,” कोंडीबा म्हणाला.

सगळे नानासोकडं बघू लागले. त्याचे चुलते, आकारामकाका, द्राक्षांवर रोग पडू नये म्हणून मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं जहाल औषध, फवारायचे. मोरचुदाची निळी पिंपं रोज लख्ख धुऊन गाडीतनं घरी यायची. ती कुठं धुतली, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. बोट मात्र दाखवलं अंबूकडं! लाजेनं त्याचे कान तापले.

“आमचं आकारामकाका...” तो कसाबसा म्हणाला.

सगळी पोरं नानासोच्या घरी जाऊन विचारू लागली, तसे काका भडकलेच. “हौदाचा आन् माझा काय संबंध?”

“ऱ्हायलं, काका. घोटभर पाणी तरी प्या,” अंबूनं तांब्या पुढं केला. “हौदातलंच हाय!”

“मारतीस का मला? त्यात मोरचूद हाय!” काका ओरडले आणि त्यांनी जीभ चावली.

“तुमाला कसं ठावं?” पोरं एका सुरात ओरडली. तांब्यात खरं तर घरच्या रांजणातलंच पाणी होतं!

दुसऱ्या दिवशी काकांनी मुकाट्यानं हौद उपसला, घासला.

शाळा उघडल्यावर कदमबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “शाबास! सगळ्यांनी मिळून कोडं सोडवलंत. आणि नानासो, घरच्या माणसाचं नाव सांगायला धाडस लागतं!”

नानासोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंबूची जागा रिकामी होती. तिच्या आईला खरं सांगायला तो अजून गेलाच नव्हता.

“बाई, मला शाबासकी नको,” एवढंच बोलून तो पळत सुटला, तो थेट द्राक्षबागेत.

“मावशी, अंबू पाणी घालत हुती. मी खोटं बोललो,” तो हळूच म्हणाला.

आईनं हातातलं काम थांबवलं. “त्या दिशी चार बायकांत वरडलास. आता माझ्या कानात सांगतूस व्हय रं?”

नानासो वळला. बागेतल्या सगळ्या बायकांकडं तोंड करून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडला, “अंबूची कायबी चूक न्हवती! मीच खोटं बोललो!”

आईनं शेजारी राबणाऱ्या अंबूच्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

“जा गं साळंला,” आई म्हणाली.

अंबूनं हात झटकले आणि ती वाटेला लागली. नानासो मान खाली घालून तिच्या मागं चालू लागला.