दार इथेच राहील

ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी, दिवसाढवळ्या, दुपारी सव्वाचारला घडलेली आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

आत्या आणि आतोबा घरीच बसून घरांचे नकाशे काढायचे. आत्याने काढायचा आणि आतोबांनी त्यातलं एखादं दार सरकवायचं, हा तीस वर्षांचा शिरस्ता.

आतोबा गेले. मागे त्यांचा जुना कॉम्प्युटर राहिला. नुसता पांढरा हत्ती. इतकी वीज खायचा, की सुरू केला की घरातला पंखा मंदावायचा.

त्या दिवशी तो सुरूच होईना.

मेकॅनिकने उघडून पाहिला. दुरुस्त होईल, पण वीज खायची खोड काही जाणार नाही, म्हणाला. पॉवर सप्लाय तपासायला आणि हार्ड डिस्क सांभाळायला, दोन्ही घेऊन तो दुकानात गेला. दुरुस्ती की नवीन, ते आजच कळवा म्हणाला.

आत्याचा जीव त्या डिस्कमध्ये अडकला होता. फक्त तिचं नाव असलेला पहिला नकाशा त्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिऱ्हाइकाला द्यायचा होता.

ती चहा टाकत होती…

पंखा मंदावला.

आतल्या खोलीतून घरघर ऐकू आली…

ती गेली. प्लग काढलेला. डबा उघडा, आत ना पॉवर सप्लाय, ना डिस्क.

आणि पडद्यावर तिचाच नकाशा.

त्यातलं मागचं दार… हळूच डावीकडे सरकलं.

आत्याच्या अंगावर काटा आला. मग तिचं डोकंच फिरलं. तीस वर्षं ऐकून घेतलं तेवढं पुरे झालं. तिने माउस धरला आणि दार जागेवर आणलं.

ते पुन्हा सरकलं. तिने पुन्हा आणलं.

असं किती वेळ चाललं, तिलाही सांगता येत नाही.

"जिवंतपणी ऐकलं नाहीत," शेवटी ती म्हणाली, "आता ऐका. दार इथेच राहील. आणि कॉम्प्युटर नवीन येणार."

घरघर थांबली. पडदा काळा झाला.

तिने लगेच मेकॅनिकला फोन केला. संध्याकाळी त्याने नवीन मशीन आणून डिस्क जोडली. दार आत्याने ठेवलं तिथेच होतं. फाइलमधला शेवटचा बदल आजचा, सव्वाचारचा. मेकॅनिकच्या तोंडचं पाणी पळालं. डिस्क तेव्हा त्याच्या दुकानात, कुलपात होती.

नकाशाच्या कोपऱ्यात आत्याच्या नावाखाली अजून एक नाव आलं होतं…

आतोबांचं.

आत्याने ते खोडलं आणि नकाशा छापायला टाकला.

ती आजही त्याच खोलीत निवांत काम करते. मला मात्र तिथे एकट्याने बसवत नाही.