चौथ्या शीलाचा खोकला

प्रफुल्ल पगारेनं आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीचा हात धरला तेव्हा त्याच्या मागे दोनशे माणसं रांगेत उभी होती, दर दोन माणसांत सहा फुटांचं अंतर होतं, आणि त्या मुलीच्या हातातली काडी त्याच्या नाकात होती.

"हात सोडा," मुलगी म्हणाली. "इथे फक्त स्वॅब घेतात."

त्यानं हात सोडला. खरं तर हातमोजा सोडला. आत हात असावा, असा त्याचा अंदाज. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडापुढे प्लास्टिकचा पडदा, पडद्याआड मास्क, आणि एवढ्या बंदोबस्तातून निसटलेले दोन डोळे. पोशाखाच्या छातीवर मार्करनं नाव लिहिलं होतं : ललिता भोये.

"दुखलं का?"

"छे... काहीच वाटलं नाही."

"मग रडताय का?"

"मी नाही... नाक रडतंय."

डोळे किंचित बारीक झाले. त्या दिवसांत माणूस हसल्याची तेवढीच खूण उरली होती.

"पुढचे," ललिता म्हणाली.

ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचं वर्ष. अंबडच्या ज्या कारखान्यात प्रफुल्ल तयार पार्ट तपासून पास करायचा, तिथं फर्मान निघालं होतं की दर पंधरा दिवसांनी प्रत्येकानं टेस्ट द्यायची. रिपोर्ट दाखवला तरच गेटच्या आत. गेटबाहेर पत्र्याची शेड ठोकली गेली. तिथं दोन टेबलं मांडली. एका टेबलावर एक पोक्त गृहस्थ बसत. त्यांचा हात इतका हलका होता की स्वॅब झालेला कळायचाही नाही. त्यामुळे सगळा कारखाना त्यांच्या रांगेत. दुसऱ्या टेबलावर ललिता. प्रफुल्ल तिच्या रांगेत उभा राहू लागला आणि 'सोसण्याची ताकद लय' अशी त्याची ख्याती झाली.

ख्यातीची त्याला सवय होती. तो मायक्रॉनमध्ये मोजणारा माणूस. केसाचे सत्तर भाग केले तर त्यातला एक जास्त आहे की कमी, हे तो सांगे. आणि न विचारताही सांगे. "माझ्या शिक्क्यानं गेलेला एकही पार्ट आजवर परत आलेला नाही," हे वाक्य ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत समोरच्याला ऐकायला मिळायचंच.

ललिताला मात्र पाच मिनिटं नसत. तिच्याकडे माणशी चाळीस सेकंद. त्यातही त्यानं ते वाक्य बसवलंच.

"तुमचं गाव कुठलं?" दुसऱ्या वेळी त्यानं विचारलं.

"आ करा." घशातली काडी झाली. "सुरगाण्याच्या वर, डोंगरात. आणि तुमचं?"

हे तिनं नेमकं नाकात काडी घालून विचारलं.

"अं... अं-अं."

"छान गाव आहे."

तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "तुमच्या पाड्यातल्या पहिल्या नर्स तुम्हीच असाल."

"लॅब टेक्निशियन. मला नर्स म्हटलेलं मलाही चालत नाही आणि नर्सलाही."

संसारातही दोघांपैकी एकाच्या नाकात काडी असती तर पुष्कळ भांडणं टळली असती. पण ते असो. पंधरा दिवसांना चाळीस सेकंद, या हिशेबानं प्रेम पुढे सरकायला जन्म गेला असता. म्हणूनच पुंजाची अडचण प्रफुल्लला अडचण वाटली नाही.

पुंजा महाले लेथवर होता. बावन्न वर्षांचा, पेठकडचा. रोज प्रफुल्लच्या गाडीवर मागे बसून कामाला येई. मशीनला न भिणारा हा माणूस काडीला भ्यायचा. दोनदा रजा टाकून त्यानं टेस्ट चुकवली होती. जुन्याच रिपोर्टवर आत सोडणाऱ्या सुपरवायझरनं आता दम भरला होता.

"ती काडी मेंदूला लागती," पुंजा म्हणाला. "आमच्याकडला एक जण बायकोचं नाव इसरला. परफुल्लभाऊ, तुला तर सवय झाली. माझ्या नावानं तूच दिली तर नाय का चालणार?"

शहाण्या माणसानं नाही म्हटलं असतं. प्रफुल्लनं मनात मोजलं : सकाळी चाळीस, दुपारी चाळीस. तो इतक्या पटकन हो म्हणाला की पुंजानं पुढची विनवणी तयार करून ठेवली होती, ती वाया गेली.

दुपारी तो पुंजाची टोपी, पुंजाचा चष्मा आणि पुंजाचं ओळखपत्र लावून टेबलापुढे उभा राहिला. चष्म्यातून ललिता दोन दिसत होत्या. त्याची त्याला तक्रार नव्हती.

"नाव?"

"पुंजा... महाले."

"वय?"

"बावन्न."

"कान बघून वाटत नाही." तिनं काडी आत घातली आणि मध्येच थांबली. "तुमच्या नाकाचा पडदा डावीकडे वाकलाय."

"लहानपणापासून..."

"सकाळी प्रफुल्ल पगारे येऊन गेले. त्यांचाही वाकलाय. डावीकडेच. एवढाच."

"कंपनीत... बऱ्याच जणांचा असतो."

तिनं काडी बाहेर काढली आणि सरळ कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. डोळे आता बारीक नव्हते.

"चेहरे मला दिसत नाहीत, पगारे. मी माणसं नाकावरून ओळखते." आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुम्ही न मोजलेल्या पार्टवर पासचा शिक्का मारता का?"

"नाही."

"मग मला का मारायला लावता? पाच महिन्यांत माझ्या हातून ट्यूबवर एक नाव चुकलेलं नाही. आमच्या पाड्यावर माझ्या आधीच्या बायकांचे कागदावर अंगठे आहेत. मी सही करते. तिच्यावर विश्वास ठेवून डॉक्टर औषध देतात. मला वाटलं होतं, मापाची किंमत कळणारा एक तरी माणूस या रांगेत आहे."

कारण सांगायचं तर तीच संधी होती. पण कारणच पांढरा पोशाख घालून समोर बसलेलं असलं की माणसाची जीभ उचलत नाही.

"खऱ्या पुंजाला अर्ध्या तासात आणा," ती म्हणाली. "नाहीतर दोन्ही नावं वर कळवते. पुढचे."

पुंजाला त्यानं आणलं. स्वॅब होईपर्यंत पुंजानं त्याचा हात असा आवळला की शनिवारपर्यंत बोटं वळत नव्हती. दुसऱ्या दिवशी पुंजा पॉझिटिव्ह निघाला. सहा दिवस ऑक्सिजन लागला, मग सुधारला. आणखी दोन दिवस दुखणं अंगावर काढलं असतं तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. रोज गाडीवर त्याच्या पुढे बसणारा प्रफुल्ल निगेटिव्ह निघाला, पण चौदा दिवस घरात बसवला गेला.

सिडकोतलं ते घर दोन खोल्यांचं आणि राज्य शकुबाईचं. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं मुलाला वाढवलं, आणि वाढवताना रोज सकाळी साडेसहाला बुद्धमूर्तीपुढे शेजारी बसवून पंचशील म्हणून घेतलं. अठ्ठावीस वर्षांचा झाला तरी हा नेम सुटला नव्हता. क्वारंटाइनमध्येही त्यानं दाराच्या पलीकडून म्हणायचं, तिनं अलीकडून.

पहिल्या सकाळी तीन शीलं सुरळीत गेली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि प्रफुल्लच्या घशात काहीतरी अडकलं. तो खोकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी शकुबाई आधीच कान लावून बसली होती.

अकरा वाजता फोन यायचा. टेस्ट घेणाऱ्यांनीच घरी बसवलेल्यांची रोज चौकशी करायची, असा नियम होता.

"ताप?" ललिता विचारी.

"नाही."

"वास येतो?"

"येतो. मला... माफी मागायची होती."

"तो रकाना यात नाही." फोन बंद.

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी तिनं "खोकला?" विचारलं, त्यानं "नाही" म्हटलं, आणि दारातून हात घालून शकुबाईनं फोन हिसकावला.

"ओ मॅडम, हा लपवतोय. रोज खोकतो. सकाळी साडेसहाला."

"किती वेळा?"

"एकदाच. पंचशील म्हणताना. चौथं आलं की."

"चौथं कोणतं हो, मावशी?"

"खोटं बोलणार नाही, ते."

रेंज गेली असं समजून शकुबाईनं फोन झटकला.

"मी उद्या घरी येऊन स्वॅब घेते," ललिता म्हणाली. "उद्याच घ्यायला हवा. सोमवारी मी सुरगाण्याला चाललेय, लशीच्या कामाला. लस घेऊन कुणी आलं की तिकडची माणसं रानात पळतात. माझ्यापासून पळणार नाहीत."

हे सांगताना तिचा आवाज असा ताठ झाला की प्रफुल्लला दाराआड उगाच आपलीच छाती फुगल्यासारखं वाटलं. मग सोमवार हा शब्द डोक्यात शिरला. म्हणजे उरले चाळीस सेकंद.

दुसऱ्या दिवशी ललिता गल्लीत शिरली तेव्हा खिडक्या बंद झाल्या आणि फटी उघडल्या. समोरच्या गॅलरीत कुसाबाई वाळत घातलेलं लुगडं पुन्हा वाळत घालायला आली. दारात खुर्ची टाकून स्वॅब झाला. ललितानं काडी ट्यूबमध्ये मोडून टाकली.

"पाणी तरी घे, पोरी," शकुबाई उंबऱ्याच्या आतून म्हणाली.

"हा पोशाख घातल्यावर काही घेता येत नाही, मावशी."

"मग जेवतीस कधी?"

"मेस बंद आहे. बिस्किटं आहेत."

शकुबाईला जगात एवढं एकच वाक्य सहन होत नसे. तिनं खाटेखालचा पडदा सर्रकन ओढला. तूरडाळ, तांदूळ, पोहे, चौदा साबण, आणि मागे भिंतीला टेकून मिठाचं अख्खं पोतं. लॉकडाऊनच्या आदल्या दिवशी मोबाइलवर मेसेज फिरला होता की मीठ संपणार. शकुबाईनं पोतं उचललं. मीठ संपलं नाही. कुसाबाई तेव्हापासून तिला 'मिठाची व्यापारीण' म्हणत होती.

"काय नेतीस ते सांग," शकुबाई म्हणाली. "पण मिठाला हसू नको."

ललिता हसली नाही. पोत्याकडे बघत म्हणाली, "आमच्या कणगीत वर्षाची नागली असते, मावशी. भात असतो, उडीद असतात. पिकत नाही ते एक मीठ. लॉकडाऊन लागला तेव्हा माझा बाप डोंगर उतरून बाजारात आला तो फक्त मिठासाठी. तुम्ही बरोबर तेच भरलंत."

शकुबाई दोन बोटं उंच झाली.

"ऐकलं का गं कुसा," तिनं गॅलरीला सांगितलं. मग ललिताकडे वळली. अभिमानाला एकदा वाट मिळाली की तो थोडक्यात थांबत नाही. "आमच्या घरातला मालच तसा, पोरी. डाळीत खडा नाही आणि पोरात खोट नाही. माझा प्रफुल्ल जन्मात खोटं बोललेला नाही."

ललिताच्या हातात मार्कर होता. ट्यूबवर नाव लिहायचं बाकी होतं. एका वाक्यात ती सगळं सांगू शकली असती. पण ती नुसती प्रफुल्लकडे बघत राहिली, उघडा मार्कर धरून.

प्रफुल्ल खोकला.

"बोललोय, आई."

आणि त्यानं सांगितलं. टोपी, चष्मा, पुंजाचं नाव, सगळं. शकुबाई मिठाच्या पोत्यावर बसली.

"पुंजाच्या जिवावर बेतलं असतं की रे."

"हो. यांनी ओळखलं म्हणून तो आहे."

"पण का? त्यानं काय दिलं तुला?"

"चाळीस सेकंद."

"म्हणजे?"

"सकाळी एकदा यांना भेटलो होतो. पुढची भेट पंधरा दिवसांनी. मला... तेवढं थांबणं जमलं नाही." तो ललिताकडे वळला. "पुंजाची भीड पडली म्हणून नाही केलं. माझ्यासाठी केलं. चूक होती. जे सांगायचं होतं ते माझ्याच नावानं सांगायला हवं होतं. आता सांगतो. तुम्ही मला आवडता. चेहरा मी बघितलेला नाही. पण त्या दिवशी तुम्ही माझा स्वॅब पिशवीत टाकलात ना, तेव्हा मला इतका अपमान वाटला आणि... इतका अभिमान वाटला तुमचा. मी असतो तर मीही तो पार्ट असाच फेकला असता."

ललिताचा मार्कर हवेतच राहिला.

"एका दिवसात दोनदा काडी घालून घ्यायला आलात," ती हळूच म्हणाली, "...त्यासाठी?"

"हो."

"माझ्या टेबलावर असा दुसरा माणूस आलेला नाही." मग एकदम ताठ होऊन, "पण पुंजाभाऊ बरे झाले नसते तर मी हे ऐकत उभी राहिले नसते."

"मीही बोललो नसतो."

तिनं ट्यूब डाव्या हातात घेतली. आजवर ती 'पी. पगारे' लिहायची. आज पूर्ण लिहिलं. त्या नावाच्या शेवटी जोडाक्षर आहे. तिनं ते सावकाश, दोन्ही 'ल' नीट बसवून लिहिलं.

"रविवारी मी पाड्यावर असते," ट्यूब पेटीत ठेवत ती म्हणाली. "नेटवर्क नाही. कुणाला बोलायचं असेल तर यावं लागतं. जीप एकच असते, टपावर बसायची तयारी हवी. आणि माझा बाप लगेच हो म्हणणारा नाही... मी पण नाही."

"मी दर रविवारी येईन."

"बघू." डोळे बारीक झाले होते. चांगलेच.

"तू उद्यापासून चौथं शील तीनदा म्हणायचंस," शकुबाईनं पोत्यावरूनच शिक्षा सुनावली. पण एवढं बोलताना तिचा चेहरा काही केल्या रागावायला तयार नव्हता. उठून तिनं डाळ-तांदळाची पिशवी बांधली आणि ललिताच्या पेटीशेजारी ठेवली. ललितानं ती, नाही म्हणायचा विचारही न करता, उचलली.

ती गल्लीत उतरली. समोरच्या गॅलरीत कुसाबाईला आता लुगड्याचंही निमित्त उरलं नव्हतं. कठड्यावरून ओणवून तिनं विचारलंच, "शकू, काय निघालं गं?"

शकुबाईनं पदर सारखा केला, कमरेवर हात ठेवला, आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं :

"सून निघाली."

कोपऱ्यावर पोहोचलेली ललिता थांबली. वळली मात्र नाही.

"मावशी," ती म्हणाली, "रिपोर्टला चोवीस तास लागतात."