दोनदा वाचलेलं पान

काचेपलीकडच्या माणसाने हात वर केला आणि मी वाचता वाचता थांबले. कामाचा पहिलाच दिवस. एक कादंबरी वाचून ध्वनिमुद्रित करायची होती. आठवडाभर माझा आवाज पारखणार, नाही पटला तर दुसरीला बोलावणार. मला हे काम हवंच होतं. आणि हा ध्वनिमुद्रक म्हणत होता, "पुन्हा वाचा."

"काय चुकलं?"

"काहीच नाही. पण तुम्ही इथे नव्हतात. सांगा बरं, आत्ता दार कोणी उघडलं?"

दार... कुठलं दार? अख्खं पान मी न अडखळता वाचलं होतं, आणि डोक्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. डोळे वाचत होते, तोंड बोलत होतं आणि मी मात्र 'काम गेलं तर?' या विचारात.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज सपाट होतो. शब्द सवयीचे झाले की मन रिकामं होतं, आणि रिकामं मन कधी घरी बसलंय का? मग वाचणाऱ्यालाही कळत नाही, ऐकणाऱ्यालाही."

मी थक्कच झाले. माझं लक्ष नाही हे शेजारी बसून माझ्या आईला कळत नाही, आणि याला काचेपलीकडून कळत होतं. रोज हात वर व्हायचा, रोज मी परत यायचे. हळूहळू त्या कादंबरीतली माणसं मला दिसायला लागली... आणि काचेपलीकडचाही.

शेवटच्या दिवशी घोळ झाला. कागद वाजू नये म्हणून आम्ही सुटी पानं अलगद सरकवतो. नुकतंच वाचलेलं पान पुन्हा समोर आलं; त्यातही एक दार उघडत होतं. अर्ध्यावर लक्षात आलं, पण मी मुद्दाम वाचत राहिले.

हात वर झाला नाही. मग मीच वर केला.

"सांगा बरं, आत्ता दार कोणी उघडलं?"

तो गडबडला. कान लाल झाले.

"माहीत नाही. मी... तुमच्याकडे बघत होतो."

"आणि माझा आवाज?"

"तो कालच पक्का झाला. वरून होकार आलाय. माझंच आता काही खरं नाही."

"का?"

"तुम्ही समोर असलात की मला एक शब्द ऐकू येत नाही. आवडता तुम्ही मला."

ऐकताना माझं मन जागचं हललं नाही. एकेक शब्द पोचला.

"मलाही तुम्ही..." म्हणाले, आणि पान सरळ केलं. "पुन्हा वाचू?"

तो हसला, मान हलवली. तिसऱ्यांदा ते दार उघडलं, तेव्हा आम्ही दोघंही तिथेच होतो.