झेंडूची माळ आणि बहात्तर अणू

"केतकी, फुलं दारालाच वाहायची. आतल्या पितळी चकतीला हात लावायचा नाही, कळलं?"

वैजूआत्याचं सकाळचं हे बोलणं केतकीच्या कानात पुन्हा पुन्हा वाजत होतं, आणि समोरच्या पडद्याकडे बघून तिचे डोळे भरून येत होते.

खंडेनवमीचा दिवस. घरी आईने शिलाई मशीन पुजलं होतं, बाबांनी उडती स्कूटर. मग डोंगराच्या पोटातल्या या प्रयोगशाळेतलं सगळ्यांत थंड यंत्र तेवढं बिनफुलाचं ठेवायचं? आत्या कामाला बाहेर गेली तशी केतकीने चकतीच्या खुंटीला झेंडूची ओली माळ अडकवली, डोळे मिटून नमस्कार केला आणि गोष्टीचं पुस्तक उघडलं. अर्ध्या तासाने मान वर करून बघते तो काय! सकाळी पडद्यावरच्या एकशे चव्वेचाळीस घरांत अणूंचा मंद उजेड होता. आता निम्मी घरं काळीकुट्ट.

"निम्मे अणू गेले," ती पुटपुटली.

"घाईने निष्कर्ष काढू नये," कोपऱ्यातून नोंद्या म्हणाला. नोंद्या म्हणजे प्रयोगाच्या नोंदी ठेवणारा यंत्रमानव. "नोंद मात्र झाली आहे. दहा वाजून चार मिनिटं. चकतीवर माळ. हात लहान, मनगटात हिरवी बांगडी."

"चहाडखोर कुठला!"

"चूक. नोंदखोर."

केतकीला हसू आलं नाही. आत्याचा हा प्रयोग अकरा वेळा फसला होता. उद्यापासून यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. आजची शेवटची संधी, आणि तीच आपण घालवली!

तेवढ्यात आत्या आली. केतकीने एका दमात सगळं सांगून टाकलं. आत्या रागावली नाही. पडद्याकडे बघत हळूच खुर्चीवर टेकली.

"आधी उजळ घरं मोज बघू."

केतकीने बोट फिरवत मोजली. "बहात्तर."

"नोंद्या, सकाळी आपण अणू किती सोडले होते?"

"बहात्तर."

केतकीने पुन्हा एकदा घरं न्याहाळली. "म्हणजे एकही हरवला नाही? मग सकाळी सगळ्या घरांत उजेड कसा होता?"

आत्याने कपाटातून चौकोनी आप्पेपात्र काढलं. नवरात्राच्या उपासाला ती त्यात वरीचे आप्पे करी. "हे बघ. आपण लेसरचे किरण एकमेकांत गुंफून अशीच खळगी करतो. ही आपली प्रकाशजाळी (उजेडाने बनवलेली घरं). तिच्यात अणू ठेवतो, अतिशय थंड केलेले. इतक्या थंडीत अणू लाटेसारखा वागतो. तो एकाच घरात बसत नाही, थोडा इथे, थोडा तिथे असा पसरतो. म्हणून सकाळी सगळीकडे मंद उजेड होता."

"आणि आता?"

"आमचा प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा लोहचुंबक. ही चकती त्यांची तोंडं वळवते. सकाळी ती अशी तिरकी होती, की शेजाऱ्याला शेजारी जाणवतच नव्हता. माळेच्या भाराने चकती फिरली आणि ते उभे राहिले." आत्याने बुडाशी जड असलेले आठ चुंबकगोळे सोळा खळग्यांच्या त्या पात्रात टाकले. सगळ्यांचं एकच टोक वर. "हलव आता. अगदी हलक्या हाताने."

केतकीने हलवलं. जवळ आलेले गोळे एकमेकांना रेटून दूर सरले. घरंगळले, थबकले, आणि शेवटी एक खळगं भरलेलं, एक रिकामं असे बसले. बुद्धिबळाच्या पटासारखे, पडद्यावरच्या उजळ घरांसारखेच.

"कोणी सांगितलं नाही तरी बसले!"

"शेजाऱ्याच्या रेट्याने बसले. यालाच शेजारक्रिया म्हणायचं (लगतच्या कणांनी एकमेकांवर केलेला परिणाम). प्रत्येकाने नुसता आपला शेजारी सांभाळला, तरी अख्ख्या जाळीची नक्षी होते. आम्हाला हीच तर बघायची होती."

"मग अकरा वेळा का नाही झाली?"

"आमची मोटर चकतीला बारीक हिसके देते. हिसक्याने अणू तापतात आणि नक्षी विस्कटते. तुझी ओली माळ मात्र अर्धा तास चकतीला सावकाश ओढत राहिली." आत्याने डोळे पुसले, आणि मग तिला हसू आवरेना. "देवा रे! अकरा मोटरी जे करू शकल्या नाहीत ते..."

"मोटर एकच होती," नोंद्या म्हणाला.

"गप रे!" दोघी एकदमच म्हणाल्या.

आत्याने हाताने चकती अगदी हळूहळू मागे नेली. नक्षी विरघळली, सगळीकडे मंद उजेड पसरला. पुन्हा तितक्याच हळू पुढे आणली, आणि नक्षी परत उमटली. आता शंका उरली नव्हती.

"पदार्थाच्या आत कण एकमेकांशी कसे वागतात ते असं उघड बघता आलं, की उद्या आपल्याला हवे तसे नवे पदार्थही घडवता येतील. कदाचित तुम्हा मुलांच्याच हातून." मग आत्या जरा गंभीर झाली. "पण बाळा, चकती कशी फिरली ते सामंतबाईंना सांगावं लागेल. त्या इथल्या प्रमुख, वरच्या मजल्यावर बसतात. परवानगीवाचून यंत्राला हात लागलेला त्यांना खपत नाही. मी सांगेन हवं तर."

केतकीने मान हलवली. "नको. हात माझा लागला ना. मीच सांगते. शब्द देते."

"ओरडतील हं."

"ओरडू देत."

तिने फ्रॉकवर सांडलेल्या पाकळ्या झटकल्या. नोंद्या काही बोलणार होता, तेवढ्यात आत्याने ओठांवर बोट ठेवलं. केतकीने दार हलकेच ओढून घेतलं आणि कठड्याला धरून ती वरच्या मजल्याच्या पायऱ्या चढू लागली.