बाबांचं हो हो

आवाज आत-बाहेर जाऊ नये म्हणून कान तपासायची आमची खोली जाड भिंतींची असते. पण आतला माणूस बोलला की बाहेर माझ्या टेबलावरच्या स्पीकरवर सगळं ऐकू येतं. त्या सकाळी मी कामावर आले, तर आत एक चष्मेवाला तरुण एकटाच बोलत होता.

"नमस्कार बाई, मी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विभागातला... नको, फार लांबतंय. बाई, मला तुमच्याकडचे तीन वर्षांचे कागद हवेत... छे! कानवाल्या बाई म्हणे भारी खाष्ट आहेत. दारातूनच हाकलतील."

मी आत बोलायचं बटण दाबलं. "हाकलत नाही. पण खुर्ची फिरवू नका, करकरते."

तो ताडकन उठला – आणि डोकं वरच्या दिव्यावर आपटलं. मी हसले. तोही हसला, आणि माझा सगळा खाष्टपणा तिथंच संपला.

कानाच्या ऑपरेशननंतर कुणाला किती ऐकू येतं, आणि ज्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या आधीच आजारी आहेत त्यांना किती, हे तो ताडून बघत होता. रोज दुपारी कागद न्यायला यायचा.

"हा तर काल नेलात."

"हो? मग... परत द्यायला आलो असेन."

"आणलात कुठं?"

"बघा! म्हणजे उद्याही यावं लागणार."

एका दुपारी मात्र मला हसू येईना. माझ्या बाबांचं कानाचं ऑपरेशन ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेलेला, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. त्यात ऐकू येणं इतकं कमी झालं, की काहीही विचारा, मान हलवून "हो हो" म्हणायचे. चहा हवा? हो हो. चहा नको? हो हो. माझ्याशी तासन्‌तास गप्पा मारणारा माणूस त्या दोन अक्षरांत आटला होता.

सर्जन म्हणाले होते, "कान दुरुस्त होईल. पण मेंदूला अख्खं वाक्य कळेल की नाही, सांगता येत नाही."

"तुमचे आकडे काय म्हणतात?" मी त्याला विचारलं.

तो चष्मा पुसू लागला. "अजून कच्चे आहेत. खोटा धीर देणार नाही... पण ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसायला येईन. चालेल?"

आला. माझ्या वाटणीच्या जांभयाही त्यानंच दिल्या.

सहा आठवड्यांनी मी बाबांना त्या खोलीत बसवलं, काचेतून आमचे ओठ दिसू नयेत म्हणून पाठमोरं. खरी तपासणी दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी करणार होतं. पण मला दम कुठला? जे ऐकाल ते म्हणायचं, एवढं सांगून मी बाहेर टेबलाशी आले आणि रेकॉर्ड केलेले सुटे शब्द लावले. "घर." बाबा गप्प. "दोरी." गप्प... मग "मीठ," म्हणाले. "पाऊल," म्हणाले. पंचवीसपैकी अठरा!

आता वाक्य. ते मीच बोलायचं होतं. मी बटण दाबलं आणि एकही वाक्य आठवेना. नाही कळलं तर? डोळे भरून आले. शेजारी उभा असलेला तो वाकून हळूच म्हणाला,

"घाबरू नका. काहीही झालं तरी मी तुम्हाला सोडून जाणार नाही."

स्पीकरमधून बाबांचा खणखणीत आवाज आला, "घाबरू नका. काहीही झालं तरी मी तुम्हाला सोडून जाणार नाही."

माझा अंगठा बटणावरच होता!

अख्खं वाक्य... एकही शब्द न गाळता! छातीवरचा दोन वर्षांचा धोंडा उतरला. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

"हा कोण बोलतोय?" बाबांनी विचारलं. "आवाज बरा आहे. जरा मोठ्यानं बोलायला सांग."

तो लालेलाल झाला. मी अंगठा मुद्दामच उचलला नाही. "बोला की," मी म्हणाले, "पेशंट थांबलाय."

तो पुढे वाकला. "बाबा... मला तुमची मुलगी फार आवडते. तिची हरकत नसेल तर... तुम्हाला चालेल?"

"हो हो," बाबा म्हणाले.

तेच जुनं, रिकामं हो हो? मी दार उघडून आत धावले. बाबा खुर्ची करकरवत वळले. गालात हसत होते.

"अगं, या वेळी ऐकून म्हणालो. आता तू सांग, हरकत आहे?"

"नाही," मी जमिनीकडे बघत पुटपुटले.

"ऐकू आलं," बाबा म्हणाले.

"मलाही," दारातून आवाज आला.